जे लपवायचंय, तेच नीट लिहा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी फॅब्रिकेशनच्या कामातला माणूस. उंचसखल जमिनीवरही सरळ उभी राहील अशी शिडी बनवली आहे. दोन्ही दांड्यांच्या आत सरकत्या नळ्या आहेत आणि त्या कप्प्यांवरून जाणाऱ्या वायररोपने एकमेकींना जोडल्या आहेत. एक पाय दगडावर टेकून वर ढकलला गेला की दुसरा तेवढाच खाली उतरतो. सर्वांत खालच्या पायरीवर पाय दिला की दातेरी खटके अडकतात आणि नळ्या पक्क्या होतात. चढणारा वरच्या पायरीवर गेला तरी खटके सुटत नाहीत. शिडी उचलली की मात्र आपोआप सुटतात. पेटंटसाठी २२ पानांचं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, मी स्वतःच लिहिलंय, सोबत पाठवतोय. दात्यांचा कोन आणि स्प्रिंगचा ताण हे माझं गुपित आहे, ते न लिहिता भागेल का? क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क ते सांगणारं वाक्य, एकच लिहिलाय, पुरेल का? पेटंट एजंट गाठावाच लागेल का? शिडीचा व्हिडिओ तयार आहे, पुढच्या आठवड्यात टाकणार आहे."

नमस्कार.

आधी तो व्हिडिओ थांबवा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. अर्ज दाखल होण्याआधी शोध जगासमोर आला, मग तो शोधकाने स्वतःच का आणला असेना, की युरोपात त्याचं नवेपण गेलं असंच धरतात. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीसाठी एका वर्षाची सवलत आहे. भारतातही सवलती आहेत, पण सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरत्या. आपल्या चॅनेलवर हौसेने टाकलेला व्हिडिओ त्यात बसत नाही. एखाद्या कारखानदाराला शिडी दाखवायचीच असेल तर आधी गुप्ततेच्या करारावर सही घ्या.

आता तुमची २२ पानं. निम्मी पानं शिडीवरून पडून होणारे अपघात, बाजारपेठ आणि "क्रांतिकारी" हा शब्द यांत खर्ची पडली आहेत. यंत्रणा सुरू होते ती अकराव्या पानावर. खटक्याच्या वाट्याला दीड वाक्य आलंय. आणि "चढणारा वर गेला तरी खटके सुटत नाहीत, शिडी उचलली की सुटतात" हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या २२ पानांत कुठेच नाही! ते का नाही, हे तुमच्या पहिल्या प्रश्नावरून कळलं. त्याकडे येतोच, पण आधी क्लेम, कारण लिहायला बसायचं ते तिथूनच.

स्पेसिफिकेशन पेटंट कार्यालयातला एक्झामिनर वाचतो हे खरं, पण खरा वाचक काही वर्षांनी येतो. तुमची शिडी बनवायचीय पण तुम्हाला दमडी द्यायची नाही असा कारखानदार, आणि सोबत त्याचा वकील. हे दोघं कौतुकाचे परिच्छेद ओलांडून थेट क्लेमवर येतात आणि कुठून निसटता येईल ते एकेक शब्द चाचपून बघतात. तुमचा क्लेम असा आहे: "५० मिमी व्यासाचे ॲल्युमिनियमचे दोन दांडे, त्यांत सरकणाऱ्या ४० मिमीच्या नळ्या, ४ मिमी स्टील वायररोप, नायलॉनच्या कप्प्या आणि सर्वांत खालच्या पायरीखाली दातेरी खटके असलेली क्रांतिकारी शिडी." ही तुमच्या वर्कशॉपमधल्या एका शिडीची नोंद झाली. कोणी वायररोप काढून साखळी लावली की तो मोकळा. क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या मालात सापडावा लागतो. एक गळला तरी तुमची बाजू लंगडी पडते. त्यामुळे क्लेममध्ये जितका तपशील भराल तितका त्याचा आवाका आखडतो. नवखा माणूस बरोबर उलटा हिशेब करतो आणि क्लेम मिलिमीटरांनी भरून टाकतो.

कागद घ्या आणि प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न लिहा: हा बदलला तर शिडी तेच काम करेल का? ॲल्युमिनियमच्या जागी फायबरग्लास चालेल, तर ॲल्युमिनियम कटलं. वायररोपऐवजी साखळी, पट्टा, दातेरी पट्टी आणि मधे गिअर, मध्यावर फिरणारा आडवा दांडा, किंवा तेल भरून नळीने जोडलेले दोन सिलिंडर, सगळं चालेल. म्हणजे वायररोप गेला, त्याच्याबरोबर कप्प्याही गेल्या. सर्वांत खालचीच पायरी हवी का? दुसऱ्या पायरीवर खटका बसवला तरी काम होतंच, म्हणून "पायऱ्यांपैकी किमान एक". उरतं ते साधारण असं:

"दोन उभे दांडे, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक दांड्याच्या खालच्या टोकाशी दांड्याच्या लांबीच्या दिशेने सरकणारा पाय, एक पाय वर सरकला असता दुसरा खाली सरकेल अशा रीतीने दोन्ही पायांना जोडणारी जोडणी, आणि पायऱ्यांपैकी किमान एकीवर भार आला असता पायांचं सरकणं अडवणारी, आणि तो भार त्या पायरीवरून हलला तरी शिडीवर भार असेपर्यंत अडकलेली राहणारी अडकण, यांचा समावेश असलेली शिडी."

शेवटचा भाग पुन्हा वाचा. पाय लांब-आखूड होणाऱ्या शिड्या जुन्याच आहेत, दोन पाय एकमेकांना जोडण्याची कल्पनाही तुम्हाला जुन्या पेटंटांमध्ये भेटेल अशी तयारी ठेवा. एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास या तिन्ही संकेतस्थळांवर फुकट शोधता येतं. दोन-चार संध्याकाळी त्यात घालवा, आणि नुसती नावं वाचू नका, आकृत्या बघा. माझा अंदाज असा की शोध घेतल्यावर तुमच्याकडे नवं म्हणून उरेल ते अडकणीचं हे वागणं. चढणारा दुसऱ्या पायरीवर गेला की खालच्या पायरीवरचा भार संपतो, आणि साधा खटका असता तर त्याच क्षणी सुटला असता. तुमचा सुटत नाही, आणि क्लेमची सारी मदार तेवढ्यावरच आहे.

हे ओळखण्याचं काम राइट बंधूंच्या पेटंटमध्ये फार सुंदर झालंय. अर्ज १९०३ च्या मार्चमध्ये दाखल झाला, इंजिन लावून उडण्याच्या कित्येक महिने आधी. पेटंट १९०६ मध्ये मिळालं, क्रमांक ८२१३९३, नाव "फ्लाइंग मशीन". पण आत इंजिनच नाही, आकृत्या ग्लायडरच्या आहेत. कारण नवं होतं ते हवेत तोल सावरण्याचं तंत्र: दोन बाजूंच्या पंखांच्या कडा वेगवेगळ्या कोनात वळवायच्या आणि त्याला मागच्या सुकाणूची जोड द्यायची. क्लेम त्या तत्त्वावर लिहिले होते. राइटांनी स्वतः अख्खा पंख पिळला होता. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने पंख न पिळता हलत्या लहान फळ्या लावल्या, तरी १९१४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्यालाही त्याच पेटंटच्या कक्षेत धरलं.

पण म्हणून क्लेम वाटेल तेवढा पसरवूनही चालत नाही. विजेच्या दिव्याच्या काळात सॉयर आणि मॅन या शोधकांनी दिव्यातल्या तंतूसाठी कार्बन केलेला कागद आणि लाकूड वापरून पाहिलं, आणि क्लेम केला तो तंतुमय नि वस्त्रमय अशा सगळ्याच पदार्थांवर. पुढे एडिसनच्या बाजूने कितीतरी वनस्पती तपासून बांबूची एक जात कामाची ठरली. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॉयर-मॅन यांचा क्लेम रद्द केला. त्या सगळ्या पदार्थांना दिव्यासाठी लायक बनवणारा समान गुण कोणता, हे त्यांनी दाखवलंच नव्हतं. तुमच्या "जोडणी" या शब्दालाही हाच धोका आहे. क्लेममध्ये "जोडणी" म्हणायचं असेल तर वर्णनात साखळी, गिअर, आडवा दांडा, तेलाचे सिलिंडर हे पर्याय कसे बसतात ते दाखवावं लागतं, निदान एकेका परिच्छेदात, आणि शक्य तिथे आकृतीसह. अमेरिकेत तर "अमुक काम करणारं साधन" अशा धाटणीने लिहिलेला घटक वर्णनात दाखवलेली रचना आणि तिच्याशी समतुल्य रचना इतकाच मोजला जातो.

एक क्लेम पुरणार नाही. वरचा मोठा क्लेम पहिला. त्याखाली त्यालाच टेकणारे लहान क्लेम घाला: जोडणी म्हणजे कप्प्यांवरून जाणारा दोर, अडकण म्हणजे दातेरी खटका, दात्याची भार झेलणारी बाजू अमुक कोनात, खटका मागे ओढणारी स्प्रिंग. पहिला पडला तर यांतला एखादा उभा राहतो. तुमच्या कोनाची जागा इथे आहे. याशिवाय एक स्वतंत्र क्लेम आणखी घ्या, जो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही: फक्त पायांचा संच, आधीच्या कोणत्याही शिडीला बसवायचा. कारण हुशार नक्कल करणारा अख्खी शिडी विकणारच नाही. तो संच विकेल, शिडी गिऱ्हाइकाची असेल, आणि मग "दांडे आणि पायऱ्या असलेली शिडी" बनवणारा ठरेल गिऱ्हाईक. त्याच्यावर खटले भरत बसणार का तुम्ही? क्लेम लिहिताना कायम बघायचं की उल्लंघन करणारा म्हणून नेमका कोण सापडेल. "शिडी उभी करण्याची पद्धत" असा क्लेम मी तुमच्या जागी घेतला नसता, तोही याच कारणाने. भारतात क्लेम १० च्या वर आणि पानं ३० च्या वर गेली की जादा फी पडते, तेव्हा हौस आवरती ठेवा.

आता गुपित. नाही, न लिहिता भागणार नाही. पेटंटचा व्यवहारच तसा आहे: सांगा आणि काही वर्षं हक्क घ्या. १७७८ मध्ये इंग्लंडात लियार्डेट विरुद्ध जॉन्सन हा गिलाव्याच्या सिमेंटचा खटला झाला. मुदत संपल्यावर इतरांना ती वस्तू बनवता येईल इतकं स्पेसिफिकेशनमध्ये असलंच पाहिजे, हे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्यात ठासून सांगितलं. भारतीय कायदा एक पाऊल पुढे आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० प्रमाणे अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत लिहावी लागते. युरोपात एक चालणारी पद्धत दिली तरी भागतं. अमेरिकेत सर्वोत्तम पद्धतीची अट कायद्यात आहे, पण २०११ च्या दुरुस्तीनंतर तेवढ्या कारणावरून पेटंट रद्द होत नाही. तुम्ही भारतात अर्ज करणार असाल तर कोन आणि ताण दोन्ही लिहा.

नाही लिहिलंत तर सर्वांत मोठा तोटा तुमचाच. उद्या एक्झामिनर म्हणाला, "खटका असलेली शिडी जुन्या पेटंटात आहे, तुमचं वेगळं काय?" तर उत्तर आहे तो कोन. पण अर्ज दाखल झाल्या दिवशी जे कागदात नव्हतं ते नंतर घालता येत नाही. खुलासा करता येतो, क्लेम आखडता येतो, नवी माहिती मात्र कोणतंही कार्यालय आत घेत नाही. ज्या गोष्टीच्या जोरावर पेटंट मिळायचं तीच तुम्ही घरी ठेवून आलात असं होईल. गुपित गुपितच ठेवायचं असेल तर पेटंटच्या वाटेला जाऊ नये, हाही एक मार्ग आहे. पण शिडी विकत घेऊन कोणीही नळी कापून दात्याचा कोन मोजू शकतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो मार्ग निरर्थक आहे.

तुमचं दीड वाक्य असं: "पायरीवर पाय देताच खटका आपोआप अडकतो व शिडी स्थिर होते. यामुळे अपघात टळतात." हे कसं लिहायचं ते एकदा करून दाखवतो. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुमचे टाका.

"आकृती ३ मध्ये दाखवल्याप्रमाणे पायरी २० दांडा १२ मधल्या खाचेत सुमारे ६ मिमी खाली सरकू शकते. पायरी २० वर भार आला की तिची पिन ३४ खटका ३० ला आस ३२ भोवती फिरवते आणि खटक्याचे दाते ३१ आतल्या नळी १६ वरच्या खाचा १८ मध्ये शिरतात. दाता ३१ ची भार झेलणारी बाजू नळी १६ च्या लांबीशी ७५ ते ९० अंशांहून कमी, शक्यतो ८० ते ८८ अंश, आणि एका नमुन्यात ८५ अंश कोन करते. हा कोन काटकोनाहून कमी असल्यामुळे नळी १६ वरचा भार दाता ३१ ला खाच १८ मध्ये आणखी आत ओढतो. त्यामुळे पायरी २० वरचा भार गेला तरी, नळी १६ वर भार असेपर्यंत, स्प्रिंग ३६ खटका ३० मागे ओढू शकत नाही. शिडी उचलल्यावर नळी १६ वरचा भार जातो आणि स्प्रिंग ३६ खटका सोडवते. उजव्या दांड्यातली रचना याच प्रकारची आहे."

"आपोआप" हा शब्द गेला आणि त्याच्या जागी कोणामुळे काय हलतं ते आलं. कोनाची पट्टी तीनदा दिली, रुंद, मग अरुंद, मग नेमकी. जुन्या एखाद्या पेटंटात ७७ अंश सापडले तर मागे सरकायला जागा राहते. प्रत्येक भागाला एकच नाव आणि एकच क्रमांक आहे, शेवटपर्यंत. तुमच्या मसुद्यात तोच भाग खटका, लॉक, कुत्रा आणि दातेरी पट्टी अशा चार नावांनी येतो. वकिलाला आयतंच सापडतं, चार नावं म्हणजे चार भाग. स्प्रिंगच्या ताणाचाही असाच एक परिच्छेद लिहा: पायरीचं स्वतःचं वजन पेलेल इतकी ताठ, चढणाऱ्याचा पूर्ण भार येण्याआधी दबेल इतकी नरम, आणि पुढे आकडे.

शब्दांबाबत आणखी दोन खटले सांगतो, कारण लोकांना वाटतं एवढं काय बारकाईने बघतंय. ब्रिटनमध्ये कॅटनिक कंपनीच्या लोखंडी लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) क्लेममध्ये मागची पट्टी "उभी" असं लिहिलं होतं. प्रतिस्पर्ध्याने ती सहा-आठ अंश कलती केली. कॅटनिक जिंकली, पण त्यासाठी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत, जावं लागलं. "बहुतांशी उभी" लिहिलं असतं तर एवढी वारी वाचली असती. दुसरा अमेरिकेतला, २००४ चा, शेफ अमेरिका कंपनीचा. पिठाचा गोळा ४०० ते ८५० अंश फॅरेनहाइट "पर्यंत" तापवावा, असं क्लेममध्ये होतं. म्हणायचं होतं की भट्टी तेवढ्या तापमानाला असावी. गोळाच तेवढा तापला तर कोळसा होईल हे न्यायालयालाही मान्य होतं, तरी त्यांनी क्लेम जसा लिहिला तसाच वाचला. तुमच्या मसुद्यातले "नेहमी", "फक्त", "अत्यावश्यक" आणि "हा शोध म्हणजेच" हे शब्द शोधून काढून टाका. "वायररोप अत्यावश्यक आहे" असं तुम्ही सातव्या पानावर लिहून ठेवलंय. नक्कल करणाऱ्याचा वकील तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवेल.

बाकीचे भाग पटकन. शीर्षक साधं ठेवा, भारतीय नियमांत साधारण १५ शब्दांची मर्यादा आहे, "क्रांतिकारी" नको. पार्श्वभूमी एका पानात संपवा: जुन्या शिड्यांत कोणती अडचण राहते तेवढंच, त्यांची निंदा नको आणि "हे तर सर्वांना माहीतच आहे" अशी कबुलीही नको. सारांश १५० शब्दांच्या आत. आकृत्या काळ्या रेषांच्या, मापं न लिहिता. फोटो पाठवलेत ते ठेवून द्या. खटक्याच्या तीन स्थिती तीन आकृत्यांत दाखवा: सुटलेला, पायरी दाबलेली, आणि पायरी मोकळी पण नळीवर भार. तिसरी सर्वांत महत्त्वाची.

घाई असेल तर भारतात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, स्पेसिफिकेशन देता येतं, त्यात क्लेम लागत नाहीत. पण १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानतात. परदेशात अर्ज करायचे तर १८८३ च्या पॅरिस करारातली मुदतही पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांचीच. प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानं खरडून तारीख पकडायची अशी एक समजूत आहे, ती सोडा. जे त्या दोन पानांत नाही त्याला ती तारीख मिळत नाही. वर दाखवलेला खटक्याचा परिच्छेद आणि तिन्ही आकृत्या पहिल्याच दिवशी आत हव्यात.

एजंटचं विचारलंत. कायद्याने सक्ती नाही, शोधक स्वतः अर्ज करू शकतो. राइट बंधूंनीही १९०३ चा अर्ज आपला आपणच लिहिला होता. तो फेटाळला गेला, १९०४ मध्ये त्यांनी हॅरी टूलमिन हा वकील गाठला आणि मिळालेलं पेटंट त्याच्या हातचं आहे. वर्णन तुम्ही लिहा, ते तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही. क्लेम मात्र यांत्रिक शोधांचं काम करणाऱ्या एजंटकडून तासून घ्या. त्याचाच आणखी एक उपयोग: भारतात अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो, आणि तुमच्या मराठी मसुद्याचं भाषांतर खटका कसा चालतो हे समजलेल्या माणसानेच करायला हवं. भेटायला जाताना मसुद्याबरोबर पर्यायांचा तो कागद, शोधात सापडलेल्या जुन्या पेटंटांच्या प्रती आणि एक चालू खटका घेऊन जा. दाते झिजल्यावर किंवा पावसात भिजल्यावर खटका सुटतो का, हे तो विचारेल. तपासलं नसेल तर जाण्याआधी तपासा, आणि काय दिसलं ते कोन आणि ताणाच्या आकड्यांसकट लिहून न्या.